जुन्या टोपीच्या पिस्तुलाचं गंजून बसलेलं निपल: काढायचं कसं, नवं बसवायचं कसं

निपल, म्हणजे पिस्तुलाची टोपी जिच्यावर बसते ती छोटी खुंटी, आट्यांत गच्च बसलेलं दिसलं की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. तो आवरायचा. आधी गरम पाणी, मग अगदी कोरडं करणं आणि त्यानंतर तेल, हा क्रम पाळला तर बहुतेक निपलं फारसा जोर न लावता सुटतात. क्रम उलटा केला तर तेलाच्या थराखाली जुन्या बारांचं मीठ कोंडलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आतून पुन्हा सुरू होतो. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती आधीच सांगितली.

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत जुन्या वाड्यांमधून अशी पिस्तुलं अजून आहेत. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव आणि १८५७ चं बंड हा आपल्या भागातला काळ म्हणजे चकमकीची शस्त्रं मागे पडून टोपीची शस्त्रं रुळण्याचा काळ. स्कॉटलंडमधले धर्मगुरू अलेक्झांडर फोर्सिथ यांनी ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं. पुढच्या दोन दशकांत तांब्याची टोपी आली. ही टोपी ज्या लहानशा पोकळ खुंटावर बसते, ते निपल. घोडा पडला की टोपी फुटते आणि तिची ज्वाळा निपलच्या भोकातून नळीच्या बुडाशी जाते. म्हणजे सगळ्या शस्त्रात सर्वांत जास्त आग, आघात आणि क्षार सोसणारा भाग हाच. तो सर्वांत आधी खराब होतो आणि सर्वांत घट्ट अडकतो, यात नवल नाही.

निपल का अडकतं

त्या काळच्या टोप्यांच्या मसाल्यात पाऱ्याच्या फुलमिनेटबरोबर पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे उरतं पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. काळ्या दारूच्या राखेतही पोटॅशियमचे क्षार असतात. बार काढल्यावर नीट धुतलं नाही, तर हे क्षार आट्यांमध्ये बसून राहतात.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली, की पोटॅशियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. जुलै-ऑगस्टमधलं कोल्हापूर आठवा. रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना तर कपाटातल्या कपड्यांचा वासच सांगेल की हवेत किती पाणी आहे. म्हणजे दर पावसाळ्यात त्या आट्यांमध्ये खारं पाणी तयार होतं, लोखंड खातं, आणि हिवाळ्यात पुन्हा सुकतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आट्यांमधली फट भरून निघते. दीडशे वर्षं हेच चालू असेल तर निपल आणि नळी जणू एकच वस्तू होऊन बसतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून पाणी आधी.

कागदपत्रं पाहिल्याशिवाय पाना उचलू नका

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या आणि पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट आहे, हे खरं. पण सूट मिळते ती दुरुस्ती करूनही बार काढू शकणार नाही अशा शस्त्राला. फक्त निपल खराब असलेलं, बाकी नळी धड असलेलं पिस्तूल या सुटीत बसेल असं घरबसल्या गृहीत धरू नका. आपल्या जिल्ह्यात परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. कागद नसतील तर आधी तिथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. परवान्यावर नोंद असेल तर ती प्रत काम संपेपर्यंत वस्तूबरोबर ठेवा.

दुसरी गोष्ट, बंदुकीची दुरुस्ती आणि तिचे भाग बनवणं हा परवान्याचा धंदा आहे. त्यामुळे धुणं, भिजवणं, मोजणं, फोटो काढणं हे मालकाने जरूर करावं. निपल फिरवून काढणं आणि नवं बसवणं हे परवानाधारक कारागिराच्या हातून, शक्यतो आपण समोर बसून करून घ्यावं. पुढचं सगळं वाचून गेलात तर कारागिराला नेमकं काय सांगायचं, कुठे थांबवायचं, हे तुम्हाला कळेल. जुनी वस्तू बहुतेक वेळा घाईने बिघडते, आणि घाई बहुतेक वेळा मालकाचीच असते.

शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, म्हणून परदेशातल्या कारागिराकडे पाठवण्याचा विचारही करू नका.

नळी रिकामी आहे ना?

ही पायरी कितीही वेळा केली तरी चालेल, एकदाही वगळलेली चालणार नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. ‘आजोबांच्या वेळेपासून भिंतीवरच आहे’ हे काही नळी रिकामी असल्याचं प्रमाण नाही. उलट भरून भिंतीवर टांगून ठेवणं ही त्या काळची सवयच होती.

पिस्तुलाचं तोंड माणसांपासून दूर धरा. निपलवर जुनी हिरवट टोपी चिकटलेली असेल तर तिला हात लावू नका, खरवडू नका, घोडा ओढू नका. तसंच कारागिराकडे न्या. टोपी नसेल तर एक सरळ लाकडी काडी नळीत हळूच तळापर्यंत सोडा, तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, आडवी धरा. काडीचं टोक निपलच्या जवळपास पोचलं पाहिजे. बोटभर किंवा त्याहून जास्त अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. काही चांगल्या इंग्रजी पिस्तुलांत बुडाशी नळी मुद्दाम अरुंद केलेली असते, तिथे काडी थोडी आधीच थांबते. तरीही शंका राहिली तर पिस्तूल भरलेलं आहे असंच समजायचं. काडी टेकल्यावर धातूचा टणक आवाज आला तर बरं. मऊ, बद्द आवाज आला तर थांबायचं. दोन नळ्या असतील तर दोन्ही तपासा.

भरलेलं निघालं तर इथेच थांबा. उष्णता नाही, ड्रिल नाही, हातोडी नाही. पोलिसांना कळवा आणि काम त्यांच्या सांगण्याप्रमाणे परवानाधारक माणसाकडे द्या.

लाकूड वेगळं करणं

नळी दस्त्यात ठेवून पाणी किंवा तेल लावायचं नाही. लाकूड फुगतं, तेल पिऊन काळं पडतं, आणि ते परत पूर्वीसारखं होत नाही.

सुरुवातीला चारही बाजूंनी फोटो काढा. घोडा अर्ध्या टप्प्यावर घ्या. लॉक, म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा, धरणारे बाजूचे स्क्रू पूर्ण न काढता आधी दोन-तीन फेरे सैल करा आणि स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. लॉक सरळ बाहेर येऊ लागेल. एका कडेने उचकटलं तर दस्त्याची पातळ कड हमखास उडते. नळी खिळीने धरलेली असेल तर खिळीचं डोकं कोणत्या बाजूला आहे ते पाहून उलट बाजूने लाकडी ठोशाने ढकला.

स्क्रूड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं निमुळतं असतं. ते खाचेच्या वरच्या कडांनाच पकडतं आणि घसरतं. जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासून, खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीत बसेल असं पातं करून घ्या. प्रत्येक स्क्रूसाठी वेगळं लागलं तरी चालेल. खाच फाटलेला स्क्रू दिसला की त्या शस्त्राची रया गेलेली असते, आणि नव्या राजवाड्यातल्या किंवा टाऊन हॉलच्या संग्रहालयात शस्त्रं जवळून पाहणाऱ्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात, पाकिटावर जागा लिहून. ते सारखे दिसतात, सारखे नसतात. त्या काळी प्रत्येक स्क्रू हाताने जागेवर बसवलेला असायचा.

पाणी, मग कोरडं करणं

एका पातेल्यात गरम पाणी घ्या, त्यात धुण्याच्या साबणाचे थोडे थेंब. नळीचं बूड निपल बुडेल इतकं त्यात ठेवा. पाणी गार झालं की बदला. निपलचं भोक आणि नळीचं बूड मऊ ब्रशने हळूहळू मोकळं करा. भोक बुजलेलं असेल तर लाकडी काडी किंवा पितळेची तार वापरा, स्टीलची सुई नको. पहिलं पाणी काळपट आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचं निघालं तर तो दारूच्या राखेतला गंधक आहे. आपण योग्य जागी पोचलो आहोत. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत हे चालू ठेवायचं.

इथे एक जपायची गोष्ट आहे. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळ्या गंजात बदलतो. नळी मुद्दाम तपकिरी रंगवलेली असेल, विशेषतः पीळदार पोलादाची नक्षी दिसत असेल, तर फार वेळ उकळत्या पाण्यात ठेवल्याने तो मूळ रंग काळपट होऊ शकतो. अशा नळीला हाताला सोसेल इतकंच गरम पाणी द्या, वेळ जास्त घ्या.

कोरडं करण्यात कसूर नको. कापडाने पुसा, आत कोरड्या कापडाच्या चिंध्या फिरवा, मग केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा निपलच्या भोकातून आणि नळीच्या तोंडातून सोडा. नळी हाताला चांगली कोमट लागली की उन्हात ठेवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा योग्य काळ.

आता तेल

साधं मशीनचं तेल इथे उपयोगाचं नाही, ते आट्यांत शिरत नाही. ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल निम्मंनिम्मं मिसळलेलं मिश्रण खूप आत झिरपतं. गॅरेजवाल्यांना ते माहीत असतं. दोन्ही एकमेकांत टिकून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. ॲसिटोन भडकन पेटतं आणि लाकडावरचं पॉलिश खातं. त्यामुळे उघड्या हवेत, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब, आणि दस्ता दुसऱ्या खोलीत.

निपल वर येईल अशी नळी टेकवा, निपलच्या खांद्याच्या, म्हणजे नळीला टेकणाऱ्या रुंद भागाच्या, कडेने थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी नळी उलटी करून आतल्या बाजूने सोडा. मधूनमधून पितळेच्या लहान ठोशाने निपलच्या खांद्यावर अगदी हलक्या टिचक्या मारा. कंपनाने गंजाचे कण सैल होतात आणि तेलाला वाट मिळते. दोन-तीन आठवडे असं चालू द्या. काहीच होत नाही असं वाटेल. होत असतं.

पाना

निपल काढायला पक्कड वापरलेली मला पाहवत नाही. पकडीचे दात एकदा लागले की निपलच्या चपट्या कडा गोल होतात आणि साधं काम अवघड होतं.

निपलच्या खांद्यावर चौकोन असतो किंवा समोरासमोर दोन चपट्या बाजू असतात. व्हर्निअरने त्या मोजा आणि त्या मापाचा नळीसारखा पाना बनवून घ्या. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारा कोणताही चांगला टर्नर सिल्व्हर स्टीलच्या गजातून तो करून देईल. हे नुसतं हत्यार आहे, शस्त्राचा भाग नाही, त्यामुळे बिनदिक्कत सांगता येतं. दोन गोष्टी मात्र बजावून सांगायच्या: पान्याची खोली निपलच्या उंचीपेक्षा जास्त हवी, म्हणजे निपलच्या टोकावर भार येणार नाही, आणि चपट्या बाजूंना पाना इतका अचूक बसला पाहिजे की मध्ये कागदही जाऊ नये. कानशीने शेवटचा हात स्वतःच्या निपलवर बसवून मारून घ्या. मग पाना पाणी देऊन कडक करा आणि पुन्हा हलका तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवा.

नळी व्हाईसमध्ये धरायची. अष्टकोनी असेल तर सोपं. गोल असेल तर लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये नळीच्या मापाचं भोक पाडून ते मधोमध चिरून घ्या. जबड्यांना चामडं लावायचं तर पापाच्या तिकटीला चपलेच्या चामड्याचे तुकडे मिळतात. ते सालीने कमावलेलं चामडं असतं. त्यातल्या टॅनिनने ओल लागलेल्या लोखंडावर काळे डाग पडतात. तासाभराच्या कामाला चालेल, रात्रभर व्हाईसमध्ये ठेवू नका.

फिरवण्याची वेळ

पाना पूर्ण खाली बसवा. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाब द्या, मग उलट, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. पुन्हा घट्ट, पुन्हा उलट. गंजाची पकड या मागेपुढे करण्याने तुटते. सुटताना एक बारीक ‘कट्’ असा आवाज येतो आणि पाना मोकळेपणाने सरकतो. तसं झालं की लगेच सगळं उलगडू नका. पाव फेरा पुढे, तेल, थोडं मागे, पुन्हा पुढे.

पाना स्प्रिंगसारखा परत येत असेल तर ते ठीक, निपल अजून धरून आहे. पण आवाज न होता पाना मऊपणे फिरत जातोय असं वाटलं तर त्या क्षणी हात काढा. निपल सुटत नाहीये, पिळून तुटतंय.

न सुटल्यास उष्णता. त्याआधी ॲसिटोन पूर्ण उडून जाऊ द्या, दिसणारं तेल पुसून काढा, आणि नळी रिकामी असल्याची तपासणी पुन्हा करा. गॅसची ज्योत लावायची नाही. मोठं सोल्डरिंग आयर्न निपलच्या टोकावर टेकवा, म्हणजे उष्णता नेमकी आट्यांकडे जाते. पुष्कळ पिस्तुलांच्या नळीखालची पट्टी आणि बार ठासायच्या गजाच्या कड्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात, आणि तो डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसपासून वितळतो. पट्टीवर पाण्याचा थेंब टाकून पाहत राहा. तो चर्रकन उडायला लागला की उष्णता काढा. गरम असतानाच खांद्याच्या कडेला मेणबत्तीचा तुकडा टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. गार झाल्यावर पुन्हा पाना. तेलाने हार मानलेली निपलं मेणाने सुटलेली आहेत.

एवढं करूनही तुटलंच, तर उरलेला खुंट ड्रिल करण्याची घाई नको. निपल कडक पोलादाचं आणि भोवतालची नळी मऊ लोखंडाची, त्यामुळे ड्रिल हमखास बाजूला सरकतं आणि मूळ आटे खातं. कोल्हापुरात साचे बनवणाऱ्यांकडे स्पार्क मशीन असतं. ते कडक धातूही न दाबता, न तापवता खोदतं. परवानाधारक कारागिराने स्वतः नळी घेऊन जाऊन, समोर उभं राहून हे करून घेणं सर्वांत सुरक्षित. नळी कुठेही एकटी सोडून यायची नाही.

नवं निपल

आटे ब्रशने साफ केल्यावर माप घ्यायचं. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं प्रमाण मांडलं ते १८४१ मध्ये, आणि बंदूक बनवणारे त्यानंतरही बराच काळ आपापल्या टॅपने आटे पाडत होते. त्यामुळे ‘हे सगळ्यांना चालतं’ असं निपल नसतं. आज तयार मिळणारी बरीच निपलं पाव इंच व्यासाला इंचामागे २८ आटे, किंवा ६ मिलिमीटर व्यासाला १ अथवा पाऊण मिलिमीटर अंतर अशा मापांची असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि २८ आट्यांचं अंतर सुमारे ०.९१ मिलिमीटर. १ मिलिमीटर अंतराचं निपल त्या भोकात एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातं, मग अडतं. तिथे पाना लावून जोर दिला की दीडशे वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात जातात. जुनं निपल आट्यांच्या गेजवर तपासा. ते खराब झालं असेल तर दंतवैद्य वापरतात त्या सिलिकॉनने भोकाचा ठसा घ्या आणि ठशावरून मोजा. भोकात नवा टॅप फिरवून ‘आटे मोठे करून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. नवा भाग जुन्या भोकाप्रमाणे बनतो, जुनं भोक नव्या भागाप्रमाणे नाही.

माझं स्पष्ट मत असं, की घरात ठेवायच्या पिस्तुलाला नवं निपल भरीव बसवावं, आरपार भोक नसलेलं. आटे सुरक्षित राहतात, धूळ आणि ओल आत जात नाही, रूप पूर्ण दिसतं, आणि कुणी टोपी लावली तरी काही होत नाही. साध्या मऊ पोलादातून, लेथवर आटे कापून, परवानाधारक कारागिराकडूनच ते करून घ्या. खांद्याच्या खालच्या बाजूला, बसवल्यावर दिसणार नाही तिथे, बनवल्याचं वर्ष कोरा; उद्या तुमच्या नातवंडांना किंवा एखाद्या अभ्यासकाला ते मूळ वाटायला नको.

बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि फक्त बोटांनी फिरवा. खांदा सगळीकडून टेकेपर्यंत बोटांनीच गेलं पाहिजे. मग पान्याने जेमतेम घट्ट. लॉक परत लावल्यावर अंगठ्याने घोडा धरून हळूहळू खाली आणा. घोड्याचं पोकळ तोंड निपलभोवती मधोमध आलं पाहिजे, कडेला घासता कामा नये. घासत असेल तर नवं निपल दुरुस्त करा; घोड्याला कानस लावायची नाही.

जुनं निपल, कितीही खाल्लेलं असलं तरी, टाकू नका. धुऊन, वाळवून, मेण लावून, सिलिका जेलच्या पुडीबरोबर छोट्या डबीत ठेवा आणि डबीवर कशातून काढलं, कधी काढलं ते लिहा. त्याचे आटे आणि आकार हा त्या पिस्तुलाच्या कारागिराचा पुरावा आहे.

पुढे सांभाळताना

सगळ्या धातूवर मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत वापरतात ते रेनेसाँ वॅक्स मिळालं तर उत्तम, नाहीतर शुद्ध मधमाश्यांचं मेण. पिस्तूल चामड्याच्या पेटीत किंवा लोकरीच्या कापडात बंद ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. सुती कापड, सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबरमध्ये महिन्यातून एकदा पाहणी. निपलच्या खांद्याभोवती तांबूस रेघ दिसली तर आट्यांत अजून मीठ आहे. पावसाळा सरला की धुण्यापासून पुन्हा सुरू करा.

खंडेनवमीला पूजा जरूर करा. पण ओल्या हळद-कुंकवाची बोटं, पाणी शिंपडलेली झेंडूची फुलं आणि वर पिळलेलं लिंबू, हे लोखंडावर रात्रभर राहिलं की सकाळी डाग उमटलेला असतो. हळद-कुंकू कोरडं, दस्त्याच्या खाली पसरलेल्या वस्त्रावर वाहावं, फुलं बाजूला ठेवावीत. आरती झाली की त्याच संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून, निपलच्या खाचेतली कुंकवाची पूड मऊ ब्रशने काढून, मेणाचा एक हात देऊनच पिस्तूल जागेवर ठेवावं.